सागवानी चौकटीचं खुराडं

आमच्या कोंबड्यांच्या दाराला पितळी कडी आहे. दार अस्सल सागवानी, माणूस न वाकता आत जाईल इतकं उंच, आणि खाली चांगला जाडजूड उंबरा. घोडपदेवला आमच्या चाळीच्या मागे, जुन्या गिरणीच्या भिंतीला टेकून हे खुराडं उभं आहे. पहिल्यांदा बघणारा माणूस हसतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. अंडी घालणाऱ्या मूठभर कोंबड्यांना एवढा थाट कशाला, असं कुणालाही वाटेल.

मी परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. श्वास घ्या, रोखा, सोडा, एवढंच दिवसभर बोलणं. स्क्रीनवर काय दिसतंय ते मला कळतं, पण पेशंटने विचारलं तर "डॉक्टर सांगतील" म्हणायचं, असा नियम आहे. उभा जन्म हे केल्यावर ती सवय घरीही लागते. दिसतं सगळं, बोलणं होत नाही. लग्न केलं नाही, आईबाबांजवळच राहते, त्यामुळे या सवयीचा त्रास फक्त त्या दोघांना होतो. आई वैतागली की म्हणते, "हिका देवान तोंड दिल्यान कित्याक?" खुराड्याची गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती सांगेल असं घरात दुसरं कुणी नाही.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी जुन्या इमारती पाडणाऱ्या एका ठेकेदाराकडे वॉचमनची नोकरी धरली. गिरगावात, दादरला, परळला जिथे जुनी इमारत रिकामी होईल तिथे बाबांची पाळी. इमारत पडली की तिचं लाकूड भंगारात जाण्याआधी ठेकेदार म्हणायचा, "काय हवं ते उचला, पगारातून कापून घेतो." बाबा उचलायचे. गिरगावातल्या एका चाळीची सागवानी चौकट, दारासकट. दादरच्या एका बंगलीच्या खिडक्या, लोखंडी गजांच्या. परळच्या एका गोदामाच्या छपराची मंगलोरी कौलं. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला ओट्याचा कडप्पा. वासे, रिपा, बिजागऱ्या, खुंट्या. हातगाडीवर घालून हे सगळं घोडपदेवला यायचं आणि चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचलं जायचं. शेडही बाबांनीच ठोकलेली. आमची खोली तळमजल्यावर अगदी कोपऱ्यात, त्यामुळे तिच्या मागच्या जागेबद्दल कुणी कधी हरकत घेतली नाही.

हे सगळं गावच्या घरासाठी होतं. कोकणात आमच्या आजोबांच्या पडलेल्या घराचं नुसतं जोतं उरलंय. त्या जोत्यावर घर बांधायचं, असं बाबांच्या मनात. पण सातबाऱ्यावर चुलत्यापुतण्यांची इतकी नावं की सगळ्यांच्या सह्या एका कागदावर येणं देवालाही जमलं नसतं. कुणी सुरतेला, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी थेट वर गेलेला. बाबा दर उन्हाळ्यात गावी जायचे, एकेकाच्या पडवीत बसून चहा प्यायचे, सगळे "करूया, करूया" म्हणायचे आणि बाबा परत यायचे. येताना हात रिकामे, पण पुढच्या पाडकामावर त्यांची नजर पुन्हा एखाद्या खिडकीवर जायचीच. घर तयार होतं, फक्त उभं राहायचं बाकी होतं.

आणि फणस. गिरणीला टाळं लागलं त्या उन्हाळ्यात बाबांनी जोत्यावर उभं राहून मूळपुरुषाला शब्द दिला होता की घर बांधल्याशिवाय फणस तोंडात घालणार नाही. आमच्याकडे असं सोडतात. कुणी वांगं सोडतो, कुणी भात सोडतो. बाबांनी स्वतःचं सगळ्यात लाडकं सोडलं. त्यानंतर दर मे महिन्यात गावाहून फणस आला की आई विळीला खोबरेल लावून तो फोडायची, अख्ख्या चाळीत वास सुटायचा, आणि बाबा चपला घालून मागे शेडमध्ये जाऊन बसायचे. आमचं खाऊन होईपर्यंत तिथेच. आधी काही वर्षं मला हे फार थोर वाटायचं, मग त्याचा कंटाळा आला, मग त्याची सवय झाली.

आईला मात्र या शब्दाचा पहिल्यापासून राग. बाबांसमोर नाही, गरे काढता काढता माझ्याजवळ पुटपुटायची, "देवान सांगितल्यान हुता तेंका? सोताच्या तोंडाक सोताच कुलूप घातल्यानी."

गेल्या शिमग्यानंतर गावची मावशी गेली. आई दिवसकार्याला गेली आणि परतली ती पहाटेच्या बसने, मांडीवर डालगं घेऊन. डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली, वर गोणपाट बांधलेलं. आत मावशीच्या कोंबड्या. मावशीच्या घराला कुलूप लागलं, कोंबड्यांचं करायचं काय असा प्रश्न आला, तेव्हा तिच्या पुतण्याने म्हटलं बाराव्याला कापून टाकूया. आईने सरळ डालगं उचललं. बसवाल्याने कोंबड्यांचंही भाडं घेतलं. आईने घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी डालग्याकडे बघितलं, तेव्हा ती म्हणाली, "तिच्या हातचे दाणे खाल्ले तेनी. तेंका मारून खांव मी?"

सुरुवातीला कोंबड्या आमच्या खाटेखाली राहिल्या. एक खोली, त्यात तीन माणसं आणि कोंबड्या, हे काही चालण्यासारखं नव्हतं. शेजारणींनी आधी नाकाला पदर लावला, मग एक-एक अंडं मिळाल्यावर पदर खाली आला. तरी कोंबड्यांना मागे शेडमध्ये ठेवणं भाग होतं, आणि शेड बाबांच्या घराने गच्च भरलेली. खुराडं विकत आणायचा प्रश्नच नव्हता. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि खोलीतल्या मोरीची गळती ही दोन्ही कामं एकदम निघाली होती, महिनाअखेर मी हॉस्पिटलला चालत जात होते. साधी जाळी घ्यायची म्हटलं तरी विचार करावा लागत होता.

"आणूक कायएक नको," आई म्हणाली. "शेडीत सगळा आसा. चार फळये काढले की गुडो तयार." गुडो म्हणजे आमच्या बोलीत खुराडं.

"ती लाकडां घराची," बाबा म्हणाले.

आईने पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने कोंबड्या सरळ शेडमध्ये सोडल्या, त्या लाकडांत. कोंबड्या आडव्या ठेवलेल्या चौकटीवर जाऊन बसल्या. बसल्या म्हणजे जे व्हायचं ते झालं. रोज सकाळी बाबा ओलं फडकं घेऊन चौकट पुसायचे, मग खोबरेलाचा हात फिरवायचे. तेवढ्यात आई येऊन दाणे टाकून जायची. मी कामावर जाताना हे बघायची आणि नेहमीप्रमाणे गप्प राहायची. खरं तर मला आईचं पटत होतं. ज्या घराची सही कधी होणार नाही त्याच्यासाठी जिवंत प्राण्यांना अडगळीत ठेवायचं, यात कसलं शहाणपण?

एका रविवारी बाबांनी मला हाक मारली. कोंबड्यांना निदान एक कोपरा मोकळा करून द्यावा म्हणून ते वासे भिंतीकडे सरकवत होते. मी एक टोक धरलं आणि उचललं. वासा फारच हलका वाटला. मी बोटाने टकटक केलं. वरून रंग शाबूत, आवाज पोकळ. म्हाताऱ्या बायकांची अशी हाडं मी रोज बघते, बाहेरची रेघ ठीक आणि आत काही नाही.

"काय गो?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग खिशातला पेचकस काढला आणि वाश्यात खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा मातीचा भुगा खाली पडला आणि कोंबड्या तिकडे धावल्या. वाळवी टिपायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. बाबांनी एकेक नग तपासला. सगळे वासे गेलेले. रिपा हातात घेतल्या की तुटत होत्या. खिडक्यांच्या चौकटी खालून खाल्लेल्या, गज तेवढे धड. कौलं, कडप्पा आणि ती सागवानी चौकट मात्र जशीच्या तशी. जुन्या सागाला वाळवी सहसा लागत नाही. बाबा कौलांच्या ढिगावर बसले. थोड्या वेळाने मी आत जाऊन चहा टाकला आणि त्यांना नेऊन दिला.

दुपारी त्यांनी चौकट नळाखाली धुतली. संध्याकाळी जेवायच्या आधी आईला म्हणाले, "गुडो बांधूया. पण चौकट कापूची नाय."

चौकट शेडपेक्षा उंच होती, अडचण तिथे होती. शेजारी भाऊ म्हणून एक गृहस्थ राहतात, चाळीच्या गणपती मंडळाचा सगळा कारभार तेच बघतात. ते आपला टेप घेऊन आले, मोजमाप केलं आणि म्हणाले, "काका, वरून थोडीशी उडवली ना, की आरामात बसते. मशीन आहे माझ्याकडे. दोन मिनिटांचं काम."

"चौकट कापत नाहीत," बाबा म्हणाले.

"अहो काका, कोंबड्या काय फेटा बांधून येणार आहेत काय?"

आजूबाजूचे सगळे हसले. आई सगळ्यांत मोठ्याने हसली. बाबा अजिबात चिडले नाहीत, त्यांनी फक्त मान हलवली. घराची चौकट कापली की घराचं आयुष्य कापलं जातं, असं आमच्याकडे मानतात, हे भाऊंनाही माहीत होतं. त्यांचंही गाव आमच्या शेजारचंच. पण घराची, खुराड्याची नव्हे, असं ते मनात म्हणाले असणार, आणि त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. शेवटी दाराला बसेल एवढी शेड उंच करायचं ठरलं. कोंबड्यांच्या मापाने दार करायचं सोडून दाराच्या मापाने खुराडं वाढवणारी माणसं जगात बहुतेक आम्हीच.

भाऊंनी मंडळाच्या मांडवाचे जुने बांबू दिले आणि फ्लेक्सची एक मोठी गुंडाळी दिली. बांबूंवर पत्रे एका बाजूने उचलले, पत्र्यांखाली फ्लेक्स ताणला. फ्लेक्स कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा होता. वरच्या अंगाला पांढरी बाजू असली की ऊन कमी तापतं, म्हणून छापील बाजू आत गेली. आता आत उभं राहून वर बघितलं की हात जोडलेले एक साहेब कोंबड्यांकडे बघून हसत असतात. कोंबड्यांनी त्यांना मत द्यावं की नाही, यावर भाऊ अजून विनोद करतात.

कौलं शेडभर पुरली नाहीत, कारण पत्रे उचलायच्या गडबडीत बरीच फुटली होती. बाबांनी ती फक्त दारापुढच्या छोट्या उतारावर लावली. त्या जागेला ते पडवी म्हणायला लागले. "पडवीत पाण्याचा भांडा ठेव," असं मला सांगितलं, तेव्हा मला क्षणभर कळलंच नाही की कुठे ठेवू. मग आतल्या जागेला माजघर, कडप्प्याच्या फळीला ओटा. ओट्यावर दाण्यांची थाळी, ओट्याखाली भुसा. आम्हीही तसंच बोलायला लागलो. "माजघरात घाण झालीय," असं मी एकदा फोनवर बोलले, तर पलीकडची मैत्रीण गोंधळली. पूर्वेच्या कोपऱ्यात त्यांनी एक जागा मुद्दाम रिकामी ठेवली. मी तिथे झाडू टेकवला तर म्हणाले, "थंय काय ठेवू नको." मी विचारलं नाही. देवघराची जागा कुठे असते ते मलाही माहीत आहे. पुढे सगळ्यांत जाड कोंबडीने नेमकी तीच जागा अंडं घालायला धरली. बाबांनी बघितलं, आणि तिच्याखाली थोडा भुसा सरकवून दिला.

मला या सगळ्याचा राग येत होता, हे सांगून टाकते. सुट्टीच्या दिवशी बांबू धरून उभं राहायचं आणि म्हाताऱ्या माणसाने खुराड्याच्या भिंतीला ओळंबा लावलेला बघायचा. भिंत इकडची तिकडे गेली तर कोंबड्या तक्रार करणार होत्या का? पण ओळंब्याचा दोर धरताना त्यांचा हात थरथरत नव्हता. एरवी चहाचा कप धरताना थरथरतो. तेवढं बघून मी बांबू सोडत नव्हते.

खिडक्यांच्या लाकडी चौकटी टाकून दिल्या, पण गज काढून घेतले आणि पत्र्यात भोकं पाडून बसवले. दादरच्या बंगलीत जेवढ्या अंतरावर होते तेवढ्याच अंतरावर बसवले. काम झालं, कोंबड्या आत घातल्या, कडी लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोंबडी भाऊंच्या स्कूटरच्या सीटवर बसलेली सापडली. बाकीच्या नळापाशी. गजांमधून एकेक करून अगदी सावकाश निघून गेल्या होत्या. ते गज माणूस आत येऊ नये म्हणून लावलेले. कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून कुणी लावले नव्हते, आणि बाबांच्या डोक्यात शेवटपर्यंत चोरच होता. चाळीतल्या समस्त बायकापोरांनी हातातली कामं टाकून कोंबड्या पकडल्या. आई पायरीवर बसून हसत होती, डोळ्यांत औषध घालायची वेळ झालेली तिला आठवतही नव्हती.

जाळीचा प्रश्न आमच्या कोळणीने सोडवला. ती माझगावहून येते, आईची आणि तिची कित्येक वर्षांची ओळख. ती दुसऱ्या दिवशी टोपलीत पापलेटांच्या खाली फाटक्या जाळ्याचा तुकडा घालून आली. "नवऱ्याचा हाय, आता कोण विणतं?" म्हणाली. तिने स्वतः बसून गजांवर ते ताणून बांधलं, अशा गाठी की माझी नखं तुटली तरी सुटणार नाहीत. खुराड्याला काही दिवस मासळीचा वास होता. मांजरं येऊन बसायची, आत बघायची आणि परत जायची. घुशींनी मात्र खालून शिरायचा प्रयत्न केला आणि उंबऱ्याला अडकल्या. तेव्हा आई पहिल्यांदा म्हणाली की चौकट बरी ठेवली.

आता फक्त गाऱ्हाणं घालायचं राहिलं होतं. बाबांना ते हवंच होतं. कोकणात जागेला राखणदार असतो, नवीन घर उभं राहिलं की त्याला मान द्यावा लागतो, कोंबडा नाहीतर नारळ. घरातला मोठा माणूस देवाला मोठ्याने सगळी हकीकत सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले "व्हय म्हाराजा" म्हणतात. सगळ्यांनी हो म्हटलं की ती गोष्ट देवाने ऐकली, असं धरून चालतात.

"कोंबड्यांच्या घराक कोंबो देतलात?" आईने विचारलं.

"नारळ चलता," बाबा म्हणाले.

सकाळी भाऊ आले, शेजारच्या दोघीतिघी आल्या, कोळीण टोपली बाजूला ठेवून उभी राहिली. आई मागे, हाताची घडी घालून. बाबांनी आंघोळ करून धोतर नेसलं होतं, ते मी लग्नकार्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. चौकटीला आंब्याची डहाळी, उंबऱ्याला कुंकू. आत साहेब हात जोडून उभे. भाऊंच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"हे देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, आणि थंय गावात आसलल्या माझ्या मूळपुरुसा."

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं. भाऊंचा आवाज जरा जास्तच चढा होता.

"गिरण बंद झाली तेव्हा मी तुका शब्द दिललंय, घर बांधीन म्हणान."

"व्हय म्हाराजा!"

हे आमच्या तोंडून सवयीने आलं. गाऱ्हाण्यात वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं. अर्थ मागून येतो. मी भाऊंकडे बघितलं तर त्यांचं हसू गेलं होतं.

"थंय माका बांधूक मिळाला नाय. मी सगळ्यांका इचारलंय. कोणाचो दोष नाय." बाबा थांबले. "आज हय चौकट उभी केलंय. उंबरो बसवलंय. वर कौलां घातलंय. जा माझ्या हातान झाला, ता ह्या. ह्याच माझा घर म्हणान मानून घे, आणि माझ्या शब्दातसून माका मोकळो कर रे म्हाराजा."

कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना कळलं होतं की आता "व्हय" म्हटलं तर काय होईल. शेजारणींपैकी एकीने खाली बघितलं. बाबा पाठमोरे उभे होते, हात जोडलेले, वळून बघत नव्हते. ते थांबले होते. उत्तर आल्याशिवाय नारळ फोडता येत नाही.

मग मागून आईचा आवाज आला, एकटीचा, खणखणीत. "व्हय म्हाराजा!"

त्याच्यामागून आम्ही सगळे बोललो. बाबांनी नारळ उंबऱ्याबाहेर दगडावर फोडला. एका फटक्यात फुटला. आईने पुढे होऊन भकलं उचलली आणि खोबरं कातायला घरात घेऊन गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

मे महिन्यात नेहमीप्रमाणे गावाहून फणस आला. मी कामावरून आले तेव्हा आई विळीला तेल लावत होती. बाबा खाटेवर बसले होते, चपला दाराशी होत्या. आईने फणस फोडला, वास सुटला, आणि बाबा उठले नाहीत. आईने गरे काढून ताटलीत ठेवले, ताटली खाटेवर सरकवली आणि परत फणसाकडे तोंड करून बसली. बाबांनी एक गरा उचलला. आठळी काढून बाजूला ठेवली. गरा तोंडात घातला आणि सावकाश खाल्ला.

"बरको आसा," ते म्हणाले. बरका म्हणजे मऊ, पिळपिळीत गऱ्यांचा, कापा म्हणजे करकरीत. "माका कापो आवडता."

आई वळली. "आणि ह्या आज सांगतात? इतकी वर्सां माका कसा कळतला?"

"तू कधी इचारलंस?"

बाबांनी दुसरा गरा घेतला. मग तिसरा. आई त्यांच्याकडे बघत होती, आणि तिचे हात चिकाने भरलेले असल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते.

मला आनंद व्हायला हवा होता. आईला झाला होता, तो दिसत होता. मला मात्र ते बघवेना. बाबा खात होते म्हणजे घर झालं होतं. म्हणजे आता घर होणार नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात ते कुणाच्या पडवीत चहा प्यायला जाणार नव्हते. मला इतकी वर्षं वाटत होतं की त्या वेड्या शब्दाशी माझा काही संबंध नाही, आणि आता तो सुटला तर माझंच काहीतरी गेलं. मी दाराशी जाऊन चपला घातल्या आणि मागे गेले.

कोंबड्या ओट्याखाली शिरून बसल्या होत्या. मी उंबऱ्यावर बसले. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण बसले. गिरणीच्या भिंतीपलीकडच्या टॉवरमध्ये दिवे लागायला सुरुवात झाली होती. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. आमच्या घराच्या दारात मी पहिल्यांदाच बसले होते.

"गो बाय, गरे संपतत हत," आतून आईने हाक मारली. "तुका नको?"

"येते," मी म्हटलं. उठले, कोंबड्या मोजल्या, दार ओढून घेतलं आणि कडी लावली.